मिशा तुटलेले जीव

बेंगळुरूत समुद्र नाही. आमच्या हेब्बाळच्या प्रयोगशाळेत तो कारवारहून रात्रीच्या बसनं, बाटल्यांत भरून येतो. त्या पाण्यातले कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे तिळाहून बारीक भाऊबंद, कोण कुठल्या गटाचा हे सांगण्यात माझा जन्म गेला. महिनाअखेरीस मी निवृत्त होणार. माझ्या जागी कुणाला नेमायचं नाही असं वर ठरलंय. कॅमेरा ओळखेल म्हणे. अहो, पण कॅमेऱ्याला शिकवणार कोण? माझ्यामागं इथं ओळखणारं एक तरी माणूस उरावं, एवढीच माझी धडपड होती. आणि उमेदवार एकच, माझ्या हाताखालची हर्षिता.

हर्षिता बनशंकरीची. पोरगी हुशार, पण भारी घाईची. त्यात तिचा भाऊ अजित बेळ्ळंदूरच्या कंपनीत. तो तिला रोज तिकडं नोकरीला बोलावतो.

त्या सकाळी ती उड्या मारतच आली. "अक्का, या वेळी बाटलीत सगळे सायक्लोपॉइड! कॅलॅनॉइड एक पण नाही. समुद्रात काहीतरी बदललंय."

"कशावरून?"

"मिशा बघा की. सगळ्यांच्या आखूड."

हे कोपेपॉडांचे दोन गट; कॅलॅनॉइडच्या मिशा अंगभर लांब, सायक्लोपॉइडच्या आखूड, हे कुठलंही पुस्तक सांगतं. मी बाटली उजेडात धरली. अर्धीच भरलेली. औषधात घातलेले जीव कडक होतात. त्यात रात्रभर घाटातून पाणी हिंदकळलेलं. मिशा राहतील कशा?

"समुद्रात काही बदललं नाही, बाई," मी म्हणाले. "जे काय झालं ते बसमध्ये झालं."

तिचं तोंड एवढंसं झालं. मी सुई घेतली, भिंगाखाली एक जीव आडवा केला आणि शेपटीकडून हळूच दाबला. "मिशी विसर. कंबर बघ. पायांची पाचवी जोडी दिसते? हा तिच्या मागं वाकतो, म्हणजे कॅलॅनॉइड. सायक्लोपॉइड तिच्या पुढं वाकतो. ती जोडी शेपटीबरोबर जाते. मिशी तुटेल, कंबर बदलत नाही."

मग मी बशीवरून भरभर नजर फिरवली. सगळीकडे तुटक्या मिशांचे खुंट. "सगळे कॅलॅनॉइड," मी निकाल दिला. "कारवारला तसं कळव. बाटल्या गळ्यापर्यंत भरा म्हणावं. आणि तू एकेक वाकवून परत बघ."

"सरी, बरं अक्का," ती म्हणाली आणि मान खाली घालून बसली. मी जरा जास्तच बोलले होते. जेवायला हाक मारली तर तिनं मान हलवून नको म्हटलं. गेली ही बेळ्ळंदूरला, असं वाटून मी डबा अर्धाच खाऊन मिटला.

दुपार कलल्यावर तिचा आवाज आला. "अक्का, स्वल्प इकडं या. सगळे कॅलॅनॉइड नाहीत."

"मिशा तुटल्यात ना त्यांच्या?"

"तुटल्यात की. पण लांब होत्या का आखूड, ते तुटल्यावर कसं कळणार? तुम्हीच म्हणालात, कंबर बघ."

माझा पारा चढला. इतकी वर्षं हेच केलं, आणि ही मला शिकवते! तणतणत मी भिंगाला डोळा लावला. तिनं सुईनं जीव दाबला, माझ्याहून हलक्या हातानं. तो पाचव्या पायांच्या पुढं वाकला. तिनं दुसरा घेतला. तोही पुढंच. सकाळी मिशी विसर म्हणून हिला बजावलं, आणि मी मात्र खुंट बघूनच निकाल देऊन बसले होते.

"किती आहेत असे?" मी विचारलं.

"थोडेच. बाकी सगळे कॅलॅनॉइड, तुम्ही म्हणालात तसं. पण हे नाहीत." आवाज नम्र होता, पण ती एक पाऊल मागं सरली नाही.

"मग कारवारला दुसरा मेल पाठव. वसुमती अक्का चुकल्या, असं लिही."

"तसं कशाला, अक्का? नुसतं दुरुस्त म्हणून लिहिते."

"चुकल्या असंच लिही. आणि खाली नाव तुझं घाल."

ती हसली. बरोबर ना, म्हणून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिनं पाहिलंही नाही. सुई बशीत घालून पुढचा जीव वाकवायला घेतला. इथं आता माझी गरज उरली नव्हती, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांना धार लागली.