चिकटलेला तहसीलदार

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. अंगाने जाडजूड, पुठ्ठ्याने खिळखिळा. मला प्रेमाने कोणी उघडत नाही. संशय आला की उघडतात. त्यामुळे माझाही स्वभाव संशयी झाला आहे.

छापखान्यातून निघालो, एका शाळेच्या कपाटात वर्षे काढली आणि शेवटी अफझलगंजच्या फुटपाथवर येऊन पडलो. तिथून भिवाजींनी मला कुकटपल्लीला घरी आणले. ते तहसील कचेरीत शिपाई होते, शिक्षण सातवीपर्यंत. निवृत्तीनंतर ते रोज माझ्यातला एक लांबलचक शब्द पाठ करायचे आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने टिंब द्यायचे. माझे इतके लाड आधी कोणीच केले नव्हते.

दर रविवारी नारायणगुड्याचे त्यांचे मित्र प्रतापराव पटावर इंग्रजी अक्षरे जोडून शब्द लावण्याचा खेळ खेळायला यायचे. चहात उस्मानिया बिस्किट बुडवायचे आणि त्याच ओल्या बोटांनी माझी पाने उलटायचे. भिवाजींनी शब्द लावला रे लावला, की यांची भुवई वर. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळेच दिसते.

एका रविवारी पटावरच्या टी आणि ए या अक्षरांना भिवाजींनी हातातली सातही अक्षरे जोडली. शब्द झाला तहसीलदार. प्रतापराव म्हणाले, "भिवाजीराव, हा तर आपला कचेरीतला शब्द. इंग्रजीत घुसवायलात काय?"

"हौ, आपलाच हाय. पण इंग्रजांनी उचलला. टिंब दिलोय मी."

मला उघडले. शब्द सापडेना, टिंबही दिसेना. टिंब मनातच दिले असेल, असे म्हणून प्रतापराव हसले. भिवाजींनी पट आवरला. शब्द माझ्याच पोटात होता, पण मी पडलो मुका. पुढचे तीन रविवार खेळ झाला नाही. भिवाजींना आता स्वतःच्याच आठवणीचा संशय येऊ लागला. त्यांनी टिंब देणेही सोडले. मला फार वाईट वाटले.

त्यांची नात रेणुका मला रद्दीत द्यायला निघाली. सहज पाने चाळताना थबकली. "आजोबा, १४७७ के बाद डायरेक्ट १४८० कसं काय?"

दोन पाने चिकटली होती. तिने ती वाफेवर धरून सुरीने अलगद सोडवली. आत तहसीलदार होता, त्याच्यापुढे टिंब होते आणि मधोमध बिस्किटाचा चुरा.

भिवाजींनी प्रतापरावांना बोलावून ते पान पुढे ठेवले. प्रतापराव बराच वेळ तो चुरा बोटाने चाचपत राहिले. मग उठून हात धुऊन आले, आणि पेन्सिल भिवाजींच्या हातात देत म्हणाले, "आजचा शब्द मला शिकवा."

मित्रांनो, संशय आला तर मला जरूर उघडा. पण आधी हात पुसा, आणि माणसाला खोटे ठरवण्यापूर्वी पाने मोजा.