सेलेरिनासाठी शांतता

विद्यापीठाने यंदा गरिबांची मोठीच सोय केली होती. प्रवेशपरीक्षा घरबसल्या, कॉम्प्युटरवर. हवं काय, तर एक कॉम्प्युटर, कॅमेरा, न तुटणारं इंटरनेट आणि दुसऱ्या कुणाचा आवाज येणार नाही अशी एक खोली. आवाज आला की परीक्षा बंद. सेलेरिनाच्या घरात खोली एक आणि माणसं सात.

म्हणून पंचायतीने तिला आपलं ऑफिस दिलं. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या त्या डोंगरात इंटरनेट तेवढ्या एकाच जागी पोचत होतं. नर्सिंगला जागा मिळाली तर ठीक. नाहीतर ऑगस्टपासून शहरात, मावशीच्या हाताखाली एका डॉक्टरीणबाईंकडे धुणीभांडी. आईने शब्द देऊन टाकला होता.

शनिवारी नऊला गावाने श्वास रोखला. मक्याची गिरणी बंद, बँडची तालीम बंद. सेलेरिनाने अकरा प्रश्न सोडवले. इतके सोपे, की तिला भीतीच वाटली.

तेवढ्यात गॅसच्या टाक्यांचा ट्रक भोंगा वाजवत चौकात शिरला. ताचोकाकांना राहवेना. डुक्कर कुणी कापलं, कोण वारलं, हे गावाला त्यांच्याच तोंडून, ऑफिसच्या छपरावरच्या कर्ण्यातून कळायचं. धावत जिना चढून त्यांनी माईक उचलला.

"गावकऱ्यांनो! आणि ए गॅसवाल्या, तूसुद्धा! आपली सेलेरिना खाली परीक्षेला बसलीय. कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही!"

भोंगा थांबला. स्क्रीनवर नम्र अक्षरं उमटली: 'दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला. आपली परीक्षा समाप्त झाली आहे. सहभागाबद्दल आभार.'

तिने तीनदा बटण दाबलं. तीनदा आभार आले.

ती बाहेर आली तेव्हा अख्खं गाव पायरीशी उभं होतं, चुपचाप.

"झाला पेपर?" आईने ओठांनीच विचारलं.

"झाला."

"अगं बाई! अर्ध्या तासात?" शेजारच्या रेफुखियोकाकू ओरडल्या. "शहरातली पोरं तीन तास घेतात म्हणे!"

"त्यांचं डोकं मंद," कुणीतरी म्हणालं. सगळे मोकळेपणाने हसले.

ताचोकाका घाम पुसत जिना उतरले. "पोरी, खरं सांग. त्या मेल्या ट्रकने घात नाही ना केला?"

सेलेरिनाने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज बसला होता.

"नाही काका," ती म्हणाली. "ट्रकचं काही नाही."

"मग जागा पक्की!" काकू म्हणाल्या आणि मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालेंचं पातेलं उघडायला धावल्या.