लोणच्याची फोड

आरोहीने लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात घातली, डोळे गच्च मिटले आणि फोड तशीच बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवली. उजवा हात आपोआप कानाखाली गेला. मग लक्षात आल्यासारखं तिने त्याच हाताने केस मागे सारले आणि थालीपिठाचा कोरडा तुकडा चघळत बसली.

तिच्या आईचा, रत्नाचा, लोण्याचा चमचा हवेतच राहिला. ही पोर लोणच्यावर जगणारी. कॉलेजला जाताना कपडे विसरेल, पण लोणच्याची बाटली विसरायची नाही. रत्नाला स्वतःला साताऱ्याला शाळेत असताना गालगुंड झालं होतं. ताप, सूज, वर बांधलेला तो ओंगळ रुमाल, सगळं आता पुसट झालं होतं. पण सूज यायच्या आदल्या दिवशी चिंच खाल्ली आणि कानाखालून जी कळ गेली, ती काही ती विसरली नव्हती. आंबट लागलं की दुखतं. हे कळायला डॉक्टर लागत नाही.

समोर गुरुनाथकाका बसले होते. त्यांनी ताटाच्या कडेच्या फोडीकडे पाहिलं आणि मग रत्नाकडे.

"काका, दही वाढू?" रत्नाने विचारलं आणि ते हो-नाही म्हणायच्या आत वाढलंसुद्धा.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली रविवारची सकाळ. एप्रिल लागून किती दिवस झाले तरी अंगणाच्या कडेला मळकं बर्फ होतंच. दोन तासांवरच्या आरोहीच्या कॉलेजात दुपारी टेनिसची फायनल होती. आदल्या दिवशी कोचने मुलींना एका रात्रीपुरतं घरी सोडलं होतं, कारण वसतिगृहाचा अर्धा मजला गालगुंडाने आडवा झाला होता. त्या वसंतात आसपासच्या राज्यांतल्या कॉलेजांमधून ही साथ पसरत चालली होती. लस घेतलेली, धडधाकट पोरं गाल फुगवून पडत होती.

सामने घ्यायचे की नाही, यावर आठवड्यापूर्वी कॉलेजने पालकांची सभा बोलावली होती. दोन-तीन प्रोफेसर म्हणत होते, सगळं बंद करा. तेव्हा रत्नाचा नवरा मनोहर उठला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा हा माणूस, त्या दिवशी काय बोलला! कॅफेटेरिया चालू, वर्ग चालू, रविवारची प्रार्थना चालू, मग व्हायरस काय फक्त टेनिस कोर्टवर येतो? लसीचे दोन-दोन डोस घेतलेली मुलं आहेत ही. चार वर्षं घाम गाळलाय त्यांनी. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. उंचेपुरे गोरे बाप येऊन त्याचा हात हलवून गेले. टाळ्या रत्नानेही वाजवल्या होत्या, चांगल्या मनापासून. सामने ठरल्याप्रमाणे होणार असं ठरलं. फक्त दारात ताप बघायचा, गाल दुखतो का म्हणून विचारायचं आणि ज्याला शंका वाटेल त्याने आपणहून बाहेर बसायचं. म्हणजे सगळी भिस्त खेळणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर.

"मला विचाराल तर हे थांबवायलाच हवं होतं," काका दही कालवत म्हणाले. "खेळ काय, पुढच्या वर्षीही होतो."

"पुढचं वर्ष कुठलं, काका? सीनियर आहे ती. हीच शेवटची फायनल." मनोहरचा आवाज लगेच चढला. "आणि असं म्हटलं तर दरवर्षी काहीतरी असतंच. तेव्हा सार्स होता, आता बर्ड फ्लू येणार म्हणतात. दाराला कड्या लावून बसायचं का?"

"कड्या लावा म्हणतंय कोण? दोन आठवडे दम धरा म्हणतोय."

"मग तुम्ही येऊच नका आज." मनोहर हसत म्हणाला.

"वा रे वा! आमची पोर फायनल खेळणार आणि मी घरी बसू?"

आमची पोर. काका एकोणसत्तर साली या देशात आले. नोकरी झाली, निवृत्तीही झाली, काकू जाऊनही बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दर शनिवारी घराच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळाच्या मुलांना गाणं शिकवायचे. पैसे घ्यायचे नाहीत, पण तंबोरा लागल्याशिवाय कोणाला 'सा'सुद्धा लावू द्यायचे नाहीत. आरोही सहा वर्षांची असताना तिचा पहिला 'सा' नीट लागला, तेव्हा काकांनी पेढा आणला. अर्धा तिने खाल्ला आणि उरलेला अर्धा काकांच्या तोंडात कोंबला. पुढे टेनिसपायी तिचं गाणं सुटलं. दुसरा कोणी गुरू रुसला असता. काका घडीची खुर्ची बगलेत मारून मॅचला यायला लागले. आणि ती जिंकली की पेढा निम्मा-निम्मा, हा नेम तेवढा राहिला.

खाणं उरकल्यावर रत्ना वर गेली. आरोही आरशासमोर उभी राहून हनुवटी या बाजूला, त्या बाजूला वळवून बघत होती. आई दिसताच तिने तोंड सरळ केलं.

रत्नाने तिच्या कानाखाली बोटं ठेवली. गरम लागलं. दिसत काही नव्हतं, पण बोटांना थोडं भरलेलं जाणवत होतं.

"दुखतंय?"

"इट्स नथिंग. विज्डम टूथ असेल."

"कधीपासून?"

"आई, प्लीज." आरोहीचे डोळे भरून आले. "दे विल पुल मी आउट. फोर इयर्स, आई. आणि डॅड... डॅड तिकडे सगळ्यांसमोर एवढं बोललेत. त्यांना काय वाटेल?"

रत्ना पलंगाच्या कडेवर बसली. खालून मनोहरचं ओरडणं ऐकू येत होतं, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे ठेवल्यात म्हणून. आत्ता जिना उतरून 'आज जायचं नाही' एवढे तीन शब्द बोलले, की काम झालं. मग मनोहर काय करेल? आधी आपल्यावर चिडेल. मग त्या सगळ्या गोऱ्या बापांना काय तोंड दाखवू म्हणून बसून राहील. आणि ही पोर? जन्मभर नाव ठेवेल आईला. आणि असेलही दाढ, कोणी सांगावं? आपला तो बाब्या ही म्हण रत्ना दुसऱ्या आयांबद्दल फार तोऱ्यात वापरायची.

ती उठली. बाथरूममधून तापावरच्या, टायलेनॉलच्या दोन गोळ्या आणि पाणी घेऊन आली. आरोहीने काही न विचारता त्या गिळल्या. मग रत्नाने कंगवा घेतला. मॅचच्या दिवशी ती लेकीची वेणी उंच, करकचून घालायची. आज तिने केस सैल घेतले, दोन्ही कानांवरून खाली आणले आणि मानेशी बांधले.

"असे केस? डॅड विल नोटिस."

"तुझे डॅड केस कधी बघतात?"

दुपारी कॉलेजच्या कोर्टाच्या दारात ट्रेनर बाई थर्मामीटर घेऊन उभी होती. ताप नव्हता. गोळ्यांनी आपलं काम केलं होतं. जबडा वगैरे दुखतो का, असं बाईने विचारलं. "नोप," आरोही म्हणाली आणि आत गेली. तिच्या मागे उभी असलेली रत्ना आपल्या बुटांच्या लेसकडे बघत राहिली.

आरोही जिंकली. कशी खेळली म्हणता! तिसऱ्या सेटमध्ये दोनदा वाटलं की गेली मॅच, पण हटली नाही. मनोहर लहान मुलासारखा रडला. समोरच्या मुलीने जाळीपाशी येऊन आरोहीला घट्ट मिठी मारली, गालाला गाल लावून. रत्नाने तिकडे पाहिलं आणि पर्समधला डबा काढला. मिल्क पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये केलेले पेढे.

मनोहरने पेढा लेकीच्या तोंडाशी धरला. तिने अर्धा तोडला, उरलेला त्याच्या हातातून घेतला आणि थेट काकांच्या खुर्चीपाशी जाऊन वाकली.

"काका, हा तुमचा."

रत्नाचा हात पुढे झाला. शब्द अगदी ओठांवर आला होता. काकांनी आरोहीच्या खांद्यावरून रत्नाकडे पाहिलं. मनोहर कॅमेरा डोळ्याला लावून "थांबा, थांबा, हलू नका," म्हणत होता. रत्नाचा हात डब्यावर आला आणि तिने झाकण लावलं. काकांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोहीचा उजवा गाल टरारून फुगला. मनोहरने हा किस्सा मंडळात ज्याला-त्याला रंगवून सांगितला. "नशीब बघा राव! एक दिवस आधी सुजला असता तर गेली होती फायनल." लोक हसायचे. रत्ना चटण्या वाढायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. फायनलला समोर असलेल्या कॉलेजातल्या त्या मुलीची परीक्षा गालगुंडामुळे बुडाली, असं मागून कानावर आलं, तर मनोहर म्हणाला, "त्यांच्याकडे आधीपासूनच होती की साथ."

मे महिन्यात गुरुनाथकाकांना ताप आला आणि दोन्ही गाल सुजले. डॉक्टर चकित झाले, या वयात गालगुंड म्हणून. काकांना लहानपणी झालंच नव्हतं. ते बरे झाले, पण मधल्या एका सकाळी उठले तेव्हा डावा कान गेला होता. औषधं झाली, मोठ्या हॉस्पिटलच्या चकरा झाल्या. कानाच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की आता हा परत येणार नाही. जे ऐकू यायचं ते गेलं आणि त्या जागी अष्टौप्रहर एक शिट्टी वाजत राहिली. शनिवारचा वर्ग बंद झाला.

"वय झालं की व्हायचंच काही ना काही," मनोहर गाडीत म्हणाला. "आणि दुसरा कान आहे की शाबूत. एका कानाने काय अडतं माणसाचं?"

रत्नाला एवढ्या वर्षांत नवऱ्याची कधी शिसारी आली नव्हती, ती त्या दिवशी आली. आणि त्याला तर काहीच माहीत नाही हे आठवल्यावर ती शिसारी फिरून स्वतःवरच आली.

जुलैतल्या एका दुपारी ती एकटीच काकांकडे गेली. बरोबर नवीन घातलेल्या लोणच्याची बाटली होती, दरवर्षीसारखी. चहा तिनेच केला. बेसमेंटचं दार बंद होतं. तंबोरा गवसणी घालून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आणून ठेवलेला होता. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. रत्ना डावीकडच्या सोफ्यावर बसली.

ती बराच वेळ कपाशी चाळा करत राहिली. मग हळू आवाजात बोलायला लागली. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"काका, मला माहीत होतं. सकाळीच कळलं होतं मला. तिने लोणचं काढून ठेवलं ना, तेव्हाच. कानाखाली हात लावून पाहिला होता मी. गोळ्या मीच दिल्या, केस मीच बांधले तसे. तिने पेढा तुमच्या तोंडाशी धरला, तेव्हा मी थांब म्हणू शकले असते. मी झाकण लावलं डब्याला. मनोहरला यातलं काही ठाऊक नाही. हे सगळं माझं आहे, काका."

काका खिडकीतून बघत होते. बाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता, त्या मशिनची घरघर काच बंद असूनही आत येत होती. रत्नाने डोळे पुसले. छातीवरचं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

काकांनी खुर्ची फिरवली. उजवा कान तिच्याकडे आला.

"काही म्हणालीस का? या बाजूने बोल."

त्यांचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. नेहमीचाच, शांत. ते वाट बघत होते. तंबोरा लावताना बघायचे तशी, घाई नसलेली वाट.

"चहात साखर बरोबर झालीय का, विचारत होते."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला, लोणच्याची बाटली जवळ ओढली, झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा लावून टाकलं.

"पोरीने त्या दिवशी फोड काढून ठेवली, तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं होतं," ते म्हणाले. "तू दही वाढलंस. म्हटलं, आई समोर बसलीय. काही असतं तर हिने पाठवलीच नसती."

रत्नाने हातातला कप खाली ठेवला.

"पेढ्याच्या वेळीही तुझ्याकडेच पाहिलं."

त्यांनी उरलेला चहा सावकाश संपवला. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकून थोडे उठले आणि खुर्ची पहिल्यासारखी फिरवून घेतली, खिडकीकडे तोंड आणि डावा कान तिच्याकडे.