मारुतीरावांचा खांदा

"आज करंट जरा वाढवून लाव गं शाल्मली," तिच्या दवाखान्यातल्या पलंगावर आडवे होत मारुतीराव म्हणाले. "आणि हात वर कर, खाली कर, ते नगं हं. लई दुखतंय."

"न्हाय आप्पा. तुम्ही निवांत पडा."

तिनं त्यांच्या आखडलेल्या खांद्यावर पट्ट्या चिकटवल्या, मशीन सुरू केलं आणि मनात म्हणाली, पड मेल्या, पड. करंटानं घटकाभर बरं वाटतं, एवढंच. असा खांदा सुटतो तो दुखत-खुपत रोज हलवल्यानं, आणि नेमकं तेच ती त्यांना सांगत नव्हती. आधीच्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, तर हा बाबा अख्ख्या वडगावात तिच्या नावानं खडे फोडत सुटला. शाल्मलीवर मात्र भलताच खूश!

ह्याच मारुतीरावांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तिची आई, बाळाबाई, सुताच्या कांड्या भरायची. तिचा उजवा खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हा ह्यानं साऱ्या बायकांदेखत तोच हात खसकन वर ओढला होता. "नाटकं करतीस व्हय गं? चल, नीघ हितनं!" शाळेचं दप्तर घेऊन दारात उभ्या शाल्मलीनं आईची किंकाळी ऐकली. ती अजून कानातून जात नाही. पुढं शिकून आल्यावर तिनं आईला रोज भिंतीपाशी उभं करून हात वर चढवायला लावला, रडवलं. पण वेळ कधीच निघून गेली होती. आजही आईची वेणी शाल्मलीच घालते.

मग ह्याला का सोडावं? त्याला हवं तेच तर देतेय!

नातीच्या लग्नाला मारुतीरावांनी मायलेकींना आग्रहानं बोलावलं. मंगलाष्टकं सुरू झाली, मांडवभर हात वर गेले. मारुतीरावांचा हात बरगडीशीच अडला आणि अक्षता त्यांच्याच पायांवर सांडल्या. अस्सं! शाल्मलीनं डोळे भरून पाहून घेतलं.

पंगतीत ते स्वतः आग्रह करायला आले. "बाळाबाई, तुझी लेक म्हंजे सोनं बघ. यवढे म्हयने जातोय, येकदाबी हात वर करा म्हनली न्हाय."

बाळाबाईचा घास तिथंच थांबला. भिंतीपाशी रोज रडवणारी लेक तिला चांगली ठाऊक होती.

"मालक," ती म्हणाली, "उद्यापासनं म्हनंल. लई दुखंल. तरी जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली फणी घेऊन आईच्या मागं बसली. आईनं मान पुढं ओढून घेतली.

"ऱ्हाऊ दे."

"आई, त्यानं तुझा हात घालवला!"

"घालवला. पर त्येचा घालवायला मी सांगितलतं तुला?"

शाल्मलीचा राग तसूभरही हलला नव्हता. तिनं फणी पुन्हा आईच्या केसांकडं नेली.

बाळाबाईनं फणी काढून घेतली आणि डाव्या हातानं केस विंचरले. भांग वाकडा पडला. वेणी काही जमेना. शेवटी मान खाली घालून, हात पोचेल तिथं तिनं केसांना गाठ मारली आणि चहा ठेवायला उठली. शाल्मली रिबीन हातात धरून तशीच बसून राहिली.