धाकटी थांबली होती

"आणि मुकादम कसे पळाले माहितेय? एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि छातीशी काय धरलेलं, तर चहाचा थर्मास!"

थोरलीनं मुकादमांच्या पळण्याची हुबेहूब नक्कल केली. टेबलाभोवतीच्या बायका पोट धरून हसल्या. हॉस्पिटलच्या धुलाईखान्याला आग लागली त्याला बरेच महिने झाले होते, पण ती गोष्ट सांगावी तर थोरलीनंच. मागच्या दाराचा तापलेला अडसर काढताना तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तरी पट्टी सुटताच ती कामावर हजर झाली, आणि अंथरुणाला पाठ टेकली की पूर्वीसारखीच घोरायला लागली.

आज ती गोष्ट रंगवत होती ते धाकटीसाठी. धाकटी तिची सख्खी जाऊ, याच धुलाईखान्यात कामाला. तिला आगीत साधा ओरखडाही आला नव्हता, पण तेव्हापासून तिनं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. न्हाणीघराचं दार लावून घेत नव्हती. गॅसवर काही करपलं की अंगणात जाऊन बसायची.

"भाजली वहिनी आणि झोप उडाली हिची," थोरलीचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, आधी चेष्टेनं म्हणायचा, मग वैतागून. परवा त्यानं सांगूनच टाकलं, "कामावर जात नसेल तर माहेरी जाऊ दे. मला नाही हे झेपत."

थोरलीच्या ते जिव्हारी लागलं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं पान थोरलीवाचून हललं नव्हतं. "मी नेते तिला," ती म्हणाली. "माझा शब्द नाही मोडायची ती." पोरगी जरा नाजूक आहे, थोडं हसली-बोलली की येईल ताळ्यावर, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

बायका आपापल्या कामाला लागल्या. दोघी चादरींच्या घड्या घालू लागल्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं जुळवायची. धाकटीचे हात काही विसरले नव्हते.

"बघ! उगाच घाबरत होतीस," थोरली खुशीत म्हणाली. घड्यांचा ढीग उंच झाला, तशी ती हातगाडी आणायला वळली. "थांब हं, आलेच मी."

ती गाडी घेऊन परतली तेव्हा धाकटी तिथेच, तशीच उभी होती. हातात चादरीची टोकं, चेहरा पांढराफटक. पायांखाली ओल पसरत होती. बायकांनी माना खाली घातल्या.

थोरलीनं कुणाला बोलू दिलं नाही. धाकटीला मागच्या अंगणात नेलं, पाय धुतले, स्वतःची ओढणी कमरेला गुंडाळली. "अगं, मी इथेच तर होते."

"त्या दिवशीही असंच थांबायला सांगून गेलात," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "मी उशांच्या खोलीत होते. तुम्ही दारातून डोकावलात, म्हणालात, थांब, आलेच मी."

"मागचं दार उघडतंय का बघायला गेले होते गं."

"माझ्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, ताई. मला निघता आलं असतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून थांबले. तुमचा आवाज येत होता. एकेकीला हाका मारत होतात. मला वाटलं, आता माझी पाळी. आता माझी. मग आवाजच येईना."

"मला वाटलं, तू निघालीस त्यांच्याबरोबर."

"कळतं मला ते. पण त्या आगीच्या बंबावरच्या जवानानं उचलून बाहेर आणलं ना मला, तेव्हा तुम्ही हसत होतात. मुकादमांचा थर्मास बघून."

थोरली हसली होती, हे खरं होतं. सगळ्या वाचल्या या आनंदानं हसली होती, आणि त्या हसण्याबरोबर आग तिच्यापुरती विझली होती. धाकटीची तिथून पुढे सुरू झाली होती. एकाच छपराखाली दोघींच्या वाट्याला दोन वेगळ्या आगी आल्या होत्या, आणि इतके महिने ती धाकटीला आपली आग सांगून हसवत होती. तिला रडू कोसळलं.

त्या संध्याकाळी तिनं दिराचे हात धरले. "चूक माझी आहे. हिला पाठवू नकोस." दीरही नरमला. पण धाकटीनं बॅग भरली होती.

"मीच जाते, ताई. तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. पण तुमचा आवाज कानावर आला की माझे पाय उचलत नाहीत. काय करू?"

दुसऱ्या दिवशी थोरली तिला बसवर सोडायला गेली. जिच्या बडबडीला अख्खी गल्ली कंटाळायची, ती वाटेत एक शब्द बोलली नाही. धाकटी बसच्या दारालगतच्या सीटवर बसली, बॅग मांडीवर घेऊन.

"आत जागा आहे, बाई. आत सरका," कंडक्टर म्हणाला.

धाकटी घाबरून उठू लागली. थोरलीनं खालूनच कंडक्टरची बाही ओढली. धाकटीकडे बोट केलं, दाराकडे केलं, मग हात जोडले.

"मुक्या आहेत वाटतं," कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला. "बसू दे, बसू दे तिथंच."

थोरलीनं मान हलवली आणि बस निघेपर्यंत हात तसेच जोडून उभी राहिली.