ओले हात

“मारतात का?” वकीलबाईंनी विचारलं.

“छे हो.”

“दारू? बाहेर कोणी?”

“घरातली एक झेपेना, बाहेरची कुठून आणतील!” इस्त्रीवाली म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

दुपार जड झाली होती. पडद्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा टेबलावर निवांत पडला होता आणि पंखा वारा घालण्यापेक्षा अंगाईच जास्त गात होता. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिला वाटत होतं, आपण इथे नाहीच. दुकानात वाफेत उभ्या आहोत आणि समोरचा काळा कोट तेवढा बोलतोय.

कोट मात्र तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तो नेहमी कारकूनच आणून द्यायचा, बाईंना तिने येता-जाता पाहिलं होतं तेवढंच. नवरा-बायको मिळून कोर्टामागची लॉन्ड्री चालवत. मागे तो धुवायचा, पुढे ती इस्त्री करायची. घटस्फोटासाठी वकील शोधायचा तर विचारणार कोणाला? भावजयीने आधीच ऐकवलं होतं, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” मग हिने कोटांनाच विचारलं. बाकीच्यांच्या खिशांत पेनांची टोपणं आणि सुपारीचा चुरा निघायचा. या कोटाच्या खिशात मात्र भिजून वाळलेला रुमाल असायचा, कधी काजळाच्या डागाचा, कधी लिपस्टिकच्या. वकीलबाई तर यातलं काहीच लावत नसत. म्हणजे ही बाई रडणाऱ्याला आपला रुमाल देते. नवरा खिसे तपासताना तो बाजूला काढून धुवायचा, ती घडी घालून पुन्हा त्याच खिशात ठेवायची. वकील निवडायला तिला तेवढं पुरलं.

“मग कारण काय लिहू?”

“हात ओले.”

वकीलबाईंनी मान वर केली.

“काहीही सांगा, तेच उत्तर. पोरगी तापाने फणफणलीय, घ्या जरा. ‘माझे हात ओले आहेत.’ माझी आई गेली तेव्हा मी फोन धरून नुसती उभी. जवळ आले, बघितलं, म्हणाले, ‘हात ओले आहेत गं.’ आणि गेले परत नळाकडे. सगळा संसार झाला बाई, यांचे हात काही वाळले नाहीत. यावर मिळतो का घटस्फोट?”

“दोघांची संमती असेल तर एकत्र अर्ज करता येतो. मग कोणाचा दोष सिद्ध करत बसावं लागत नाही. एकट्याने मागायचा तर पुरावे, साक्षी, तारखा. वेळ जातो.”

“आणि दुकान?”

“कोणाच्या नावावर आहे ते बघू. पण तुम्ही तिथे राबलात, ते वाऱ्यावर नाही जाणार.”

“पोरगी कोणाकडे?”

“नोकरी करते म्हणालात ना? मग ती तिच्या स्वतःकडे.”

इस्त्रीवाली हसली. खरा प्रश्न तिने मागे ठेवला होता. “त्यांना कसं सांगू? हाय खातील ते. साधी शर्टाची बटणं लागत नाहीत त्यांना.”

तिला याचीच भीती होती. तिला सुटायचं होतं, पण त्याला मोडून नव्हे.

“माझ्याकडेच कशा आलात?” वकीलबाईंनी विचारलं.

“तुमच्या कोटावरून.”

“कमाल आहे! कोटावरून वकील निवडणाऱ्या तुम्ही दुस...” वकीलबाईंनी जीभ चावली. “कुठली म्हणालात लॉन्ड्री?”

“ही काय, कोर्टामागची.”

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. “ताई, तुमची केस मला घेता येणार नाही. दुसऱ्या चांगल्या वकिलांचं नाव देते.”

“का हो?”

“ते सांगता येत नाही.”

सांगायची गरजही नव्हती. त्या कोटाचा खिसा तपासणारी माणसं जगात दोनच. आधी तिला हसू फुटलं, चला, एका गोष्टीवर तरी दोघांचं एकमत झालं. मग हसू ओसरलं. हाय खाईल म्हणून जिची झोप उडाली होती, तिच्या आधी तो या खुर्चीत बसून गेला होता.

“रडले का हो ते?”

 तिचे डोळे भरलेले पाहून वकीलबाईंनी सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

ती दुकानात परतली तेव्हा मागे नळ चालूच होता. वाफेत टांगलेले कोट अर्धवट झोपेत असल्यासारखे हलत होते. तिच्या टोपलीत धुऊन वाळवलेला तो ओळखीचा पांढरा रुमाल होता. त्याच्याबरोबर कोट नव्हता, गिऱ्हाइकाची चिठ्ठीही नव्हती.

म्हणजे रडला होता. इतकी वर्षं कोरडा राहिलेला माणूस परक्या बाईच्या रुमालात रडून आला होता. तिला राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदमच. तिने रुमालावर इस्त्री फिरवली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“अहो, वकीलबाईंचा रुमाल. तुम्ही देता, की मी देऊ?”

त्याचे हात पाण्याखालीच थांबले. त्याने तिच्याकडे पाहिलं.  ठरलेल्या उत्तरासाठी ती थांबली, ते तिला तोंडपाठ होतं.

त्याने नळ बंद केला. नळ बंद असला की दुकान एवढं शांत असतं, हे तिला आजच कळत होतं. खुंटीवरचा टॉवेल घेऊन त्याने हात पुसले. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, मनगटं. मग घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी रुमाल घेतला.

“मी देतो,” तो म्हणाला. “तू बस जरा.”