घर आवरून निघताना

ॲम्ब्युलन्स खाली येऊन उभी होती आणि आई तवा घासत होती.

डावा हात छातीवर, उजव्या हातात घासणी. कपाळावरचा घाम तव्यात ठिबकत होता आणि ती तोही घासून काढत होती. तिच्या मुलाने, ज्याला ती लहानपणापासून ठोंब्या म्हणत आली होती, जन्मात पहिल्यांदा आईचे ओठ नीट पाहिले. त्यांचा रंग उडाला होता.

"आई, चल ना."

"आलेच. एवढा तवा."

"मगाशी एवढी कढई म्हणालीस."

"कढई झाली ना मग?"

ठोंब्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना फटीतून शांतपणे 'घाबरू नका, माणूस आलाय' असं सांगायचं, हे त्याचं निम्मं काम. त्याने तोच आवाज लावून पाहिला.

"घाबरू नकोस आई. गाडी आलीये."

"मी कुठे घाबरलेय? स्वतःचं तोंड बघ आरशात. सरक, केर काढू दे."

कारण तवा झाला होता.

त्यांच्या घरातल्या बायकांचा एक नियम होता. परगावी, दवाखान्यात, कुठेही निघायचं तर घर असं आवरून निघायचं की समजा आपण परत आलोच नाही, तर भेटायला येणाऱ्यांनी नावं ठेवता कामा नयेत. लोक रडायला येतात हे खरं, पण रडता रडता त्यांची नजर सगळीकडे फिरते.

हा नियम पणजीपासूनचा. पुराचं पाणी पायरीला लागलं होतं, नावाडी दारात होडी धरून ओरडत होता आणि पणजी आत फरशी पुसत होती. थोड्याच वेळात त्या फरशीवरून अख्खी नदी जाणार होती. पण म्हणून काय नदीला घाण दाखवायची? होडी सुखरूप पोचली. पणजी छावणीत तापाने गेली. आजीने मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघताना, काही दिसत नसताना, हाताने चाचपून सगळी भांडी फळीवर ओळीने लावली होती. तीही तिकडूनच गेली. आणि मोठी मावशी पित्ताशयातला खडा काढायला गेली, तेव्हा तिने पडदे धुतले, डब्यांची बुडं पुसली, छत्री उघडून आतून झटकली. खडा निघाला, मावशी राहिली नाही. भेटायला आलेल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, "काय घर ठेवलं होतं हो." त्या दिवशी आई बहिणीसाठी खूप रडली, पण ते वाक्य ऐकताना जरा ताठ बसली होती.

हे सगळं ठोंब्याला पाठ होतं. विनोद म्हणून तो मित्रांना सांगायचा. आज मात्र आई दाराकडे केर लोटत असताना त्याला हिशेब लागला. पणजी, आजी, मावशी. तिघींची घरं लख्ख. तिघीही परत आल्या नाहीत. बाबा गेले तेव्हा चहाचा कप खिडकीत तसाच होता, म्हणजे हा पुरावा उलट जात होता. ठोंब्याने तो बाजूला ठेवला. घाबरलेल्या माणसाला सगळे पुरावे परवडत नाहीत.

एवढ्यात ड्रायव्हर खुर्चीचं स्ट्रेचर घेऊन जिना चढून वर आला.

"पेशंट कुठाय?"

"मीच," आई म्हणाली. "चपला बाहेर."

त्याने चपला काढल्या. गडी चांगला उंच होता आणि धापा टाकत होता. "ताई, छातीत दुखतंय म्हणून फोन होता."

"दुखतंय ना. तुमच्या डोक्यावर जळमट आहे, हात पोचतोय का बघा."

त्याचा हात पोचला. ते जळमट बोटाला गुंडाळून तो ठोंब्याकडे बघत राहिला. "अहो, हात लावा ना जरा. आवरलं की निघतील त्या."

"आवरलं की निघेल," ठोंब्या म्हणाला, "तीच तर भीती आहे."

यातला पेशंट नक्की कोण, असा ड्रायव्हरचा चेहरा झाला.

आणि खरंच, घर जवळजवळ आवरलं होतं. ओटा कोरडा, फडकी वाळत, चादरीला एक सुरकुती नाही. घर मावशीच्या घरासारखं दिसायला लागलं होतं. आवरलं नाही तर ही निघणार नाही आणि इथेच कोसळेल. आवरलं तर निघेल आणि मग मावशीसारखं. दोन्हीकडून दार बंद, आणि बाहेरून 'माणूस आलाय' म्हणणारं कोणी नाही. त्याचा हात आपोआप फळीकडे गेला आणि साखरेचा डबा खाली आला. पडला म्हणायचं, पण पाडला होता.

फरशीभर साखर झाली.

आई केरसुणी घेऊन वाकली आणि अर्ध्यातच थांबली. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, साखरेतच. तिचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजायला लागला.

हे आपण केलं, एवढंच ठोंब्याच्या डोक्यात होतं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. साखर टोचत होती.

"आई, ऐक. मावशीचं घर लख्ख होतं. आजीचं लख्ख होतं. कोण परत आलं गं? तू आवरू नकोस. माझी काय वाटेल ती चेष्टा कर, पण आवरू नकोस."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तेव्हा तो खरा घाबरला.

"मला काय कळत नाही होय रे?" ती अगदी हळू म्हणाली. "म्हणून तर हात थांबत नाहीये. सगळं झालं की निघावंच लागेल ना."

ड्रायव्हरने खुर्ची उघडून जवळ सरकवली. त्याने मान दुसरीकडे वळवली होती.

आईने शेगडीकडे बोट केलं. मागच्या बाजूला सकाळच्या दुधाचं पातेलं होतं. दुखायला लागलं तेव्हा गॅस बंद करायचा राहिला होता, दूध तळाला पार करपलं होतं. "ते सिंकमध्ये ठेव."

"घासू?"

"हात लावलास तर बघ. तसंच ठेव. मी येऊन घासीन."

त्या घराण्यात असं वाक्य कोणी बोललं नव्हतं. ठोंब्याने पातेलं दोन्ही हातांनी उचलून सिंकमध्ये ठेवलं, पाणीसुद्धा घातलं नाही. मग आई खुर्चीत बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "चला. सांभाळून, भिंतीचा रंग नवा आहे."

शेजारच्या काकू दारात उभ्याच होत्या. त्यांनी किल्ली घेतली, आईच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "घराची काळजी करू नका, मी बघते सगळं." त्या घाईत हे वाक्य कोणालाच धोक्याचं वाटलं नाही.

हॉस्पिटलात आईला दोन झडपांच्या दारातून आत नेलं आणि ती दारं बराच वेळ हलत राहिली. ठोंब्या बाकावर बसला. शेजारच्या माणसाने विचारलं, "कोण आहे?" "आई," तो म्हणाला. त्या माणसाने मान हलवली. आतून कोणीतरी धावल्याचा आवाज आला. एक नर्स बाहेर आली, काहीतरी घेऊन परत पळत आत गेली. ठोंब्या मनातल्या मनात पातेल्याला घट्ट धरून बसला. तेवढंच धरायला होतं.

फोन वाजला. काकू.

"कशी आहे रे?"

"आत आहे. अजून काही सांगत नाहीत."

"होईल बरी. इकडचं बघू नकोस. साखर झाडली मी, नाहीतर मुंग्या झाल्या असत्या. आणि ते सिंकमधलं पातेलंही काढलं घासून. काय करपलं होतं रे, मनगट गेलं माझं. पण आता तोंड दिसेल त्यात."

ठोंब्या उभा राहिला.

"काकू, ते परत करपवा."

"काय?"

त्याने सांगितलं. पणजी, आजी, मावशी, सगळं, एका दमात.

"हे आधी सांगायचं नाही का रे," काकूंचा आवाज बारीक झाला. "माझ्याच छातीत धडधडायला लागलं."

"तुम्ही बसू नका. दूध आहे?"

"माझ्याकडचं आणते."

फोनमधून दार ऐकू आलं, मग चपला, मग गॅस पेटवल्याचा आवाज. बाकावरचे लोक त्याच्याकडे बघायला लागले.

"मोठा ठेवू गॅस?"

"मोठा. पण उतू जाऊ देऊ नका. ओटा खराब झाला तर ती मला मारेल."

"ढवळू नको ना?"

"अजिबात नाही. वास येतोय?"

"यायला लागलाय."

तेवढ्यात दोन झडपांचं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मास्क खाली केला. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. "छातीत दुखतंय म्हणून आणलेल्या बाईंबरोबर कोण आहे?"

ठोंब्याने एक बोट वर केलं. "एक मिनिट थांबा, डॉक्टर. अजून करपलं नाहीये."

डॉक्टर थांबले. एवढ्या वर्षांत त्यांना अनेकांनी अनेक गोष्टी सांगितल्या असतील, पण ही नवी असावी.

"काकू, काळं झालं का?"

"कोळसा झाला रे बाळा. धूर धूर झालाय घरात."

"बंद करा गॅस." त्याने फोन छातीशी धरला. "बोला."

"हृदयाची नस बंद झाली होती, ती उघडली आहे," डॉक्टर म्हणाले. "उशीर केलात, पण फार नाही. धोका टळलाय असं आत्ता तरी म्हणता येईल. दोन मिनिटं भेटा. बोलायला लावू नका." आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "तुम्हीही बीपी तपासून घ्या."

आई नळ्यांमध्ये पडली होती आणि एवढीशी दिसत होती. डोळे मात्र उघडे होते.

"पातेलं?"

"तसंच आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "ठोंब्या."

"काकूंनी घासलं," तो म्हणाला. तिचे डोळे मोठे झाले, उशाशी मशीन भराभर वाजायला लागलं. त्याने घाईने सांगितलं, "पण परत करपवलं. त्यांच्याच हातून. कोळसा झालाय, तू काळजी करू नकोस."

"कुठल्या गॅसवर?"

"आपल्या."

"मोठ्या आचेवर?"

"मोठ्या."

आईने श्वास घेतला. "ते पातळ बुडाचं पातेलं आहे. वाकलं असेल." तिने कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला. "विचार त्यांना, घरी कधी सोडतात. आज सोडतात का विचार."

मशीन आणखी जोरात वाजायला लागलं. नर्स आली, तिने आईला खांद्याला धरून परत झोपवलं आणि ठोंब्याला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर बाकाशी येऊन त्याने फोन लावला. भीती अजून होती, पण ही लहानपणापासूनच्या ओळखीची, आई घरी आल्यावर काय होईल याची.

"काकू, ती ठीक आहे. बोलतीये. एक करा, त्या पातेल्याचं बूड सरळ आहे का बघा जरा."

पलीकडे भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मग ते डुगडुगत राहिलं, बराच वेळ.

"बाळा," काकू म्हणाल्या, "तुला हे आत्ताच कळायला हवंय का?"